रहांगडाले सरांचा चौकीदार

आमच्या गल्लीत कोणी शिंकलं, तर देवाच्या आधी रहांगडाले सर आठवतात. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कोणाकडे अँटिबायोटिकची पट्टी आली, की संध्याकाळी सर दारात हजर. "काऊन जी, गोळी घेतली?"

एरवी मात्र ते कोणाकडे पाऊल टाकत नाहीत. "काम नसताना लोकाच्या घरी कायले जाचं?" असा बाणा. बायको वारल्यापासून आमच्या समोरच्याच घरात, ओसरीतल्या खुर्चीत दिवसभर एकटेच बसून असतात. गोंदियाच्या जंतूंचे त्यांच्यावर उपकार आहेत, असं माझी बायको सुनीता म्हणते.

धानकापणीला मी कामठ्याला गेलो आणि ताप घेऊन परतलो. डॉक्टरांनी डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. झालं! सर रोज चहाच्या वेळेला येत, गोळी माझ्या घशाखाली उतरेपर्यंत नजर हलवत नसत. मग दिवाणावर माझा टॉवेल लांब पसरून त्यावर बसकण मारत.

"हा टॉवेल डीएनए. मी प्रोटीन, चौकीदार. काही जंतू बदमाश राहतात. औषध बाहेर फेकाचा पंप राहते त्यायच्याजवळ. पण पंपाच्या जीनवर हा चौकीदार बसून राहते, तं पंप बनत नाही. सुनबाई, बिस्कीट द्या."

बिस्कीट म्हणजे औषध. ते हातात पडलं की सर टुणकन उठत. "औषध चिकटलं का चौकीदार जागा सोडते. मंग बनते पंप."

"आणि औषध संपल्यावर?" सुनीतानं एकदा विचारलं.

"पुन्हा जाऊन बसते आपल्या जागेवर. त्याले दुसरं कुठं जाचं हाय?" असं म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

माझ्या गोळ्या संपल्या. ताप गेला, याचा आनंद मला एकच दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला सर धुतलेला सदरा घालून त्यांच्या फाटकापर्यंत आले, आमच्या दाराकडे पाहिलं आणि परत जाऊन खुर्चीत बसले. मला फार वाईट वाटलं. हाक तरी काय म्हणून मारणार? काम कुठे होतं?

सुनीता बिस्किटांची बशी उचलून तरातरा रस्ता ओलांडून गेली आणि त्यांच्यासमोर एक बिस्कीट धरलं.

"सर, तो पंप मला अजून समजला नाही. टॉवेल अंथरून ठेवलाय."

सरांनी बिस्किटाकडे पाहिलं. मग चष्मा काढून उगीचच पुसला.

"मंग काम हाय म्हणा," म्हणत ते उठले.