डायरेक्टरांची हिरवी भिंत

"स्टुडिओबिडिओ काही लागत नाही. मी घरातच उभा करतो!" शनिवारी संध्याकाळी डायरेक्टर म्हणाले, आणि घरातल्या दोन शहाण्या माणसांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. तिथेच सगळं बिघडलं.

डायरेक्टर म्हणजे पोटापाण्यासाठी कचेरीतल्या चार नंबरच्या खिडकीत बसून लोकांचे अर्ज घेणारे एक कारकून. एकदा मोठ्या साहेबांच्या निरोपसमारंभाचं शूटिंग त्यांनी मोबाइलवर केलं, आणि तेव्हापासून स्वारी जमिनीवर आलीच नाही. (त्या शूटिंगमध्ये साहेबांपेक्षा छताचा पंखा जास्त दिसतो. नशीब, पंख्याचं काम तरी चांगलं झालंय.)

त्यांची बायको भूगोलाची शिक्षिका. तिची शाळा महिनाअखेर कायमची बंद होणार होती. मुलांना इंटरनेटवरून शिकवणाऱ्या एका कंपनीत जागा निघाली होती आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाच मिनिटांचा नमुना धडा पाठवायचा होता. विषय ज्वालामुखी. पंचेचाळिशीत दुसरी नोकरी कोण देतंय, या धास्तीने बिचारी दोन दिवस भाजी निवडताना भाजीलाच लाव्हारस समजावून सांगत होती.

"तुझ्यामागे धडाडून पेटलेला ज्वालामुखी दाखवतो," डायरेक्टर म्हणाले. "मागे हिरवा पडदा लावायचा. मोबाइलमधलं अ‍ॅप हिरवं तेवढं खातं आणि तिथे आपलं चित्र बसवतं. सिनेमावाले दुसरं काय करतात?"

तिचे वडील याच घरात राहत. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग चार मीटर हिरवं सुती कापड आणा, जावईबापू. चकाकी नको. मी काठ दुमडून त्यात काठी घालून देतो. ताणून बसेल."

"बाबा, झबली शिवणं वेगळं आणि सिनेमा वेगळा."

"असेल बुवा," बाबा म्हणाले आणि पेपरात तोंड घालून बसले.

कापड विकत आणणं डायरेक्टरांच्या शानीला शोभणारं नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली पांढरीशुभ्र चादर काढली, बादलीत हिरवा रंग कालवला आणि चादर बुचकळली. वाळल्यावर ती कुठे पोपटी, कुठे शेवाळी आणि मधे मधे आपली पांढरीच राहिली.

"इस्त्री तरी करा हो," बायको म्हणाली.

"पडद्याला कुणी इस्त्री करतं का?"

अ‍ॅपने इमानेइतबारे पोपटी भाग तेवढा खाल्ला. मोबाइलच्या पडद्यावर जो ज्वालामुखी आला, त्याला अंगभर नायटा झाला होता.

आता दुसऱ्या कुणी कान धरले असते. डायरेक्टरांना मात्र नवी कल्पना सुचली. "मग भिंतच रंगवतो! भिंतीला चुण्या पडतात का?"

घरात मोकळी पांढरी भिंत एकच. बाकी एकीवर कपाट, एकीला खिडकी आणि एकीला ओल येऊन पोपडे सुटलेले. गॅलरीच्या गजांना लावून उरलेला हिरव्या ऑइलपेंटचा डबा होता. दुपारी दोनपर्यंत भिंत हिरवीगार झाली, आणि भिंतीबरोबर डायरेक्टरांचे कोपर, एक कान आणि दाराची कडीसुद्धा. रंग वाळेना. शेवटी चार वाजता ओल्या भिंतीपुढेच शूटिंग झालं. ऑइलपेंट तो, आरशासारखा चकाकत होता. ज्वालामुखीच्या पोटात ट्यूबलाइट लागलेली दिसली आणि भिंतीची हिरवी झाक बायकोच्या तोंडावर पडली. अ‍ॅपने तीही खाल्ली.

"अहो, माझा गाल कुठे गेला?"

"इफेक्ट आहे तो."

"गालातून लाव्हा वाहतोय माझ्या! मुलं शिकतील की किंचाळत पळतील?"

सव्वापाचला बाबांनी कंपनीचा कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचलं, "सूचना तीन. पाठीमागे साधी पांढरी भिंत किंवा पांढरं कापड असावं. चित्रं आम्ही घालू. इतर रंग आढळल्यास अर्ज बाद." मग कागद खाली ठेवला. "जावईबापू, हे वाचलं नव्हतंत?"

रोज शंभर लोकांना 'आधी सूचना वाचा' म्हणून खिडकीतून परत धाडणारा हा गृहस्थ! म्हणतो कसा, "सूचना काय, नेहमीच्याच असतात."

बायको स्टुलावर बसली. आवाज न चढवता म्हणाली, "माझी नोकरी घालवलीत तुम्ही." डायरेक्टरांना जन्मात पहिल्यांदा खरोखरच लाज वाटली. पण लाजेने काय भिंत पांढरी होते? घरात पांढरं म्हणून जे होतं, ते त्यांनी सकाळपासून स्वतःच्या हातांनी हिरवं करून ठेवलं होतं.

बाबा उठले. पलंगाखालच्या ट्रंकेतून अस्तराचं मोठ्या पन्ह्याचं पांढरं कापड काढलं, मशीनवर काठ मारला आणि काठी ओवली. दहा मिनिटांत पडदा तयार. पण ओल्या भिंतीत खिळा ठोकणार कसा? बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी डायरेक्टरांकडे.

डायरेक्टर पडद्यामागे उभे राहिले, दोन्ही हात वर करून, काठी धरून. मोबाइल बाबांनी धरला. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलेला हात, तसूभर हलला नाही. आणि बायको बोलायला लागली. काय सांगू, नुसत्या दोन हातांनी तिने पृथ्वीचं पोट असं उघडून दाखवलं की बाबा मोबाइल धरून मान डोलवायला लागणार होते, कसेबसे थांबले. चौथ्या मिनिटाला डायरेक्टरांचे हात भरून आले. पडदा थरथरू लागला आणि मागून एक दणदणीत शिंक आली.

"जमीन आधी अशीच हादरते, मुलांनो," ती शांतपणे म्हणाली, "आणि मग असा स्फोट होतो."

सहाला पाच कमी असताना धडा गेला.

आठ दिवसांनी उत्तर आलं. तिने घाईघाईने वाचलं, डोळे पुसले आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "अभिनंदन! आपली निवड झाली आहे. आपलं शिकवणं आम्हाला फार आवडलं. मात्र पडद्याचा स्टँड डुगडुगतो आणि विचित्र आवाज करतो. कामावर रुजू होण्यापूर्वी तो बदलून घ्यावा."

डायरेक्टर छताकडे बघू लागले. बाबांनी एक लांब सुस्कारा सोडला.

"वीस वर्षांपूर्वी मीच पसंत केला होता गं," ते लेकीला म्हणाले. "आता परत कोण घेतंय?"