गाद्यांच्या खोलीतलं गाणं

कहकशां मामेबहिणीच्या लग्नाला कंधारला घरी आली आणि नेमका तेव्हाच मुंबईहून संगीतकाराचा फोन आला. "शेवटची ओळ नव्यानं गाऊन संध्याकाळपर्यंत पाठव. नाहीतर दुसरीचा आवाज लावतोय." सिनेमाची रीतच अशी. एकच गाणं चौघींकडून गाऊन घेतात आणि आवाज राहतो एकीचा. बाकीच्यांनी थेटरात तिकीट काढून ऐकायचं. आणि कहकशांचं तर हे पहिलंच गाणं!

माईक होता, लॅपटॉप होता. पण शांतता आणायची कुठून? घर एसटी स्टँडला चिकटून. शेवटी खातूनबींनीच लेकीला आठवण करून दिली, "गाद्यांच्या खोलीत जा की. लहानपणी तिथंच तर गात होतीस, अब्बांना ऐकू जाऊ नये म्हणून."

अब्बा म्हणजे जलीलभाई गादीवाले. माणूस सोन्यासारखा, पण तारीफ करायची म्हटली की जीभ टाळ्याला चिकटायची. गादी झकास झाली तरी "बरं हाय", बिर्याणी फक्कड जमली तरी "बरं हाय". लेकीच्या गाण्याला तर तेवढंही कधी मिळालं नव्हतं.

खोलीत छतापर्यंत गाद्या. कहकशां मधोमध उभी राहिली आणि कापसानं अख्खं स्टँड गिळून टाकलं. तिनं सूर लावला, तोच दारात टेम्पो थांबला.

"जलीलभाई, गाद्या काढा! उद्या पोरीचं लगीन हाय," ठरलेल्या गाद्या न्यायला आलेले भागवतराव ओरडले.

"अब्बा, जरा थांबा ना!"

"जबान दिलीय बेटा. तू गा, मी हळूच काढतो."

एक गादी निघाली, एसटीचा हॉर्न आत आला. दुसरी निघाली, भाजीवाल्याची आरोळी आली. तिसरी निघाली तशी शेजाऱ्यांची शेळीच आत आली. कहकशांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"पोरगी का रडून राहिली?" भागवतरावांनी विचारलं.

खातूनबींनी सगळं सांगितलं, तसे भागवतराव जलीलभाईंवरच उखडले. "अन् तुम्ही गाद्या काढून राहिलात? लई शहाणे हाव! लगीन उद्या हाय, हिचं गाणं आज चाललंय हातचं! लावा परत सगळ्या!"

गाद्या परत चढल्या. दाराची फट तेवढी उरली. तिथं जलीलभाई स्वतःच पाठीवर गादी घेऊन, तोंड आत करून उभे राहिले. लेक हातभर अंतरावर होती.

कहकशां गायली. एवढीशी ओळ, पण सूर असा चढला की आत कोपऱ्यात उभ्या भागवतरावांची तंबाखू तळहातावरच राहिली. शेळीसुद्धा रवंथ करायची थांबली. जलीलभाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. या अल्ला, हा आवाज आपल्याच घरात होता? सूर पुरता थांबायच्या आतच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माशाल्ला! मेरी बच्ची, माशाल्ला!"

झालं! टेक बिघडला.

"काय हो हे जलीलभाई!" भागवतराव म्हणाले, पण पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून मनातून खूशच होते. "म्हण पोरी, परत म्हण." या खेपेला त्यांनी जलीलभाईंच्या तोंडावर हातच दाबून धरला.

दुसरा टेक मुंबईला गेला. थोड्या वेळानं उत्तर आलं, "कमाल! तुझाच आवाज राहणार."

खातूनबींनी गूळ वाटला. भागवतराव गाद्या घेऊन गेले. जलीलभाई सुईत दोरा ओवत बसले होते. कहकशां त्यांच्यापाशी येऊन टेकली.

"अब्बा, कसं झालं गाणं?"

त्यांनी मान वर केली नाही. "बरं हाय."

कहकशां खुदकन हसली. कानाला हेडफोन लावले आणि बिघडलेला टेक पुन्हा पहिल्यापासून लावला.