टाकीत अडकलेली हवा

शनिवारी सकाळी साडेदहाला गुडगुड ऐकू आली. नाश्त्याच्या सेव-उसळीवर उत्कर्षने जरा जास्तच हात मारला होता, त्यामुळे आधी त्याला वाटलं, आपलंच पोट. पण आवाज टेबलावरून येत होता. पडद्यावर तापमानाचा आकडा सत्त्याण्णववर गेला, एकदा लुकलुकला आणि संगणक बंद पडला.

हा संगणक पाण्याने थंड होणारा होता आणि उत्कर्षने तो स्वतःच्या हाताने जोडला होता. आत एक काचेची टाकी, तिच्या बुडाशी मुठीएवढा पंप. पंपाने पाणी ढकलायचं, पाण्याने नळ्यांतून फिरून आतली उष्णता उचलायची आणि निवून परत टाकीत यायचं. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. पण एवढ्या मोठ्या कामाआधी पाणी ताजं असावं, अशी दुर्बुद्धी त्याला काल संध्याकाळी झाली. जुनं निळं पाणी काढून त्याने नवं लाल भरलं आणि पाण्याबरोबर हवाही भरली. आता पंप पाण्याऐवजी हवाच घुसळत होता.

काम खरोखरच मोठं होतं. बडोद्याजवळच्या करजणला बिल्डर प्रतापसिंहकाकांची चाळीस बंगल्यांची स्कीम उभी राहणार होती. बंगले आतून-बाहेरून कसे दिसतील याची फिल्म उत्कर्ष आज चार वाजता पाठवणार होता. फिल्म आवडली तर पुढची दोन वर्षं त्या स्कीमचं सगळं काम त्याचं. सहा महिन्यांपूर्वी त्याने अलकापुरीतलं ऑफिस सोडलं, तेव्हा नातेवाइकांना सांगितलं होतं, घरी बसून स्वतःचं काम करणार. त्यातलं 'घरी बसून' एवढंच त्यांनी ऐकलं होतं. आज फिल्म गेली नाही तर ते बरोबर ठरणार होते. आणि फिल्म तयार व्हायला अजून दोन तास संगणक सलग चालायला हवा होता.

"एअर लॉक," दारातून आवाज आला.

उत्कर्षचे बाबा, दत्तात्रेय, एकतीस वर्षं रिफायनरीत पंप ऑपरेटर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण त्यांना पंपाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. सोसायटीचा पंपसुद्धा सेक्रेटरी परस्पर दुरुस्त करून घ्यायचा.

"माहितीय मला, बाबा. बघतोय मी."

"माहीत असतं तर भरतानाच हवा काढली असतीस. थांब, हात लावू नकोस. आधी परमिट."

"कसलं परमिट?"

"यंत्राला हात लावायचा तर परमिट लागतं. तसंच हात घालणारे किती जण मी हॉस्पिटलात पोचवलेत, तुला काय ठाऊक!"

त्यांनी प्लग काढला. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर 'माणूस कामावर आहे, चालू करू नये' असं लाल पेनाने लिहून ती स्विचला बांधली. दुसऱ्या पत्रिकेवर कामाचं स्वरूप, धोके आणि वेळ लिहून उत्कर्षची सही घेतली. साक्षीदार म्हणून आईला स्वयंपाकघरातून बोलावलं. तिचे हात कणकेचे होते, ते धुऊन येईपर्यंत सव्वाअकरा झाले. उत्कर्षला ओरडावंसं वाटत होतं, पण परमिटात 'आरडाओरडा करू नये' हे कलम त्याने नुकतंच सही करून मान्य केलं होतं.

इंटरनेटवर उपाय सोपा होता. टाकीचं झाकण उघडं ठेवा, फक्त पंप चालू करा आणि संगणक डावी-उजवीकडे कलता करत राहा. संगणकाचं वजन तेवीस किलो आहे, हे इंटरनेटला कोण सांगणार! उत्कर्षने पंपापुरती वेगळी वायर जोडली आणि संगणक उजवीकडे कलता केला, लिंबाएवढा बुडबुडा टाकीतून नळीत गेला. डावीकडे केला, तो परत आला. सातव्या खेपेला बुडबुडा होता तिथेच राहिला आणि उत्कर्षच्या कंबरेत चमक भरली.

"एवढं उचलून कशाला हलवताय?" आई, अहल्याबाई, म्हणाल्या. "झोपाळ्यावर ठेवा की."

बडोद्याच्या घरात झोपाळा असतोच आणि काहीही हलवायचं म्हटलं की नजर तिकडेच जाते. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही आपल्याला हे आधी सुचलं नाही याची लाज वाटली. आईच्या जुन्या साडीने संगणक फळीला बांधला, पंपाला लांब वायर जोडली आणि पाळीपाळीने झोके द्यायला सुरुवात झाली.

समोरच्या कांचनबेन विरजण मागायला आल्या आणि साडीत गुंडाळलेलं काहीतरी झुलताना पाहून दारातच थबकल्या.

"शुं थयुं? बीमार छे?"

"हवा भराई गई छे," आई झोका देत म्हणाल्या.

"तो अजमो आपो ने! मारा बाबाने तो तरत राहत थई जाय."

तान्ह्या बाळाच्या पोटातल्या वाऱ्यावरचा हा उपाय ऐकून आईंनी क्षणभर ओव्याच्या डब्याकडे पाहिलं. उत्कर्षने त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी नजर वळवली.

तब्बल सव्वा तास झोके झाले. पाऊण वाजता मोहना, म्हणजे उत्कर्षची बायको, शाळेतून आली. ती अकरावीला फिजिक्स शिकवते. तिने चप्पल काढली, पर्स ठेवली आणि झोपाळ्याकडे पाहत उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"बुडबुडा काढतोय. कलतं केलं की निघतो."

"अरे, पण झोपाळ्यावर पाणी कलतं होतच नाही!"

"म्हणजे?"

"तू रोज झोक्यावर बसून चहा पितोस. सांडतो कधी? झोपाळ्याबरोबर पाणीही झुलतं. त्या पाण्याला तर आपण हलतोय हे कळतसुद्धा नाही. गेल्याच आठवड्यात शिकवलंय मी."

उत्कर्षने टाकीत डोकावून पाहिलं. लाल पाणी फळीशी अगदी समांतर होतं. लिंबाएवढा बुडबुडा सकाळपासून आरामात झोके घेत होता.

तो जमिनीवरच बसला. सगळं संपलं असं त्याला अगदी मनापासून वाटलं. सोमवारी अलकापुरीच्या ऑफिसात जाऊन जुन्या साहेबांसमोर काय तोंडाने उभं राहायचं, याची वाक्यं तो मनात जुळवू लागला. पहिलंच वाक्य जमेना.

बाबा शेजारी उकिडवे बसले. परमिट त्यांनी खिशात ठेवून दिलं.

"ऊठ. आता माझं ऐकतोस का? पंप सारखा चालू ठेवला तर तो हवा घुसळत बसतो. दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद. बंद केला की हवा वर चढते. आणि टाकी सगळ्यात उंच पाहिजे. बाकी काही नाही."

संगणक डायनिंग टेबलावर आला. टाकीच्या बाजूखाली मोहनाचे फिजिक्सचे दोन गाइड गेले. बाबा घड्याळाकडे पाहून "चालू... बंद..." म्हणत होते आणि उत्कर्ष बटण दाबत होता. तिसऱ्या मिनिटाला एक बारीक बुडबुडा आला. मग दोन आले. एक पस्तीसला टाकीने एक लांब ढेकर दिली, पाणी दोन बोटं खाली गेलं आणि गुडगुड थांबली. आई देवासमोर दिवा लावायला गेल्या. गळती नाही ना, हे बाबांनी टिश्यू पेपरने प्रत्येक जोडाला पुसून तपासलं, मगच संगणकाच्या स्विचवरची पत्रिका सोडली.

पावणेदोनला काम पुन्हा सुरू झालं. तापमान एकेचाळीस. दोन तास घरात कुणी मिक्सर लावला नाही, इस्त्री केली नाही. मोहनाने पोळ्या गार खाल्ल्या. पावणेचारला फिल्म तयार झाली आणि तीन सत्तावन्नला करजणला पोचली. उत्कर्षला रडू यायचंच बाकी होतं.

पाचपर्यंत उत्तर आलं नाही. न राहवून त्यानेच फोन लावला. सगळे भोवती उभे होते, म्हणून तो गॅलरीत गेला.

"काका, फिल्म पाहिलीत?"

"हो हो, पाहिली ने! एकदम मस्त. घरच्यांनापण दाखवली."

"मग... कामाचं काय ठरवलंत?"

"ठरवायचं काय, भाई? मंगळवारी तू कॉम्प्युटरवर बनवलेला फोटो पाठवला होतास ना बंगल्याचा, तो बघूनच मी तुझं नाव पक्कं केलं. फोटो छापायलापण देऊन टाकला."

"मंगळवारी? मग ही फिल्म? चार वाजताची घाई?"

"ती तर तूच केलीस. तूच म्हणालास, काका, शनिवारी चारला फिल्म देतो. मी म्हटलं, मुलगा एवढा हौशी आहे, कशाला उगाच नाही म्हणा? चल, सोमवारी ये, पेपर करून टाकू."

फोन बंद झाला. तो आत आला तेव्हा बाबा खुर्चीच्या कडेवर बसून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. एकतीस वर्षांत एकाही पंपासाठी त्यांना एवढी धाकधूक झाली नसेल.

"काय म्हणाले रे?"

"काम मिळालं," उत्कर्ष म्हणाला.

बाबांनी डोळे पुसले. मोहनाने टाळ्या वाजवल्या. आई म्हणाल्या, "बघा, ह्यांनी हवा काढली म्हणून!" आणि शिऱ्यासाठी रवा काढायला गेल्या. काम मिळालं एवढंच उत्कर्षने सांगितलं. कधी मिळालं, ते मात्र त्याला सांगवेना.