हसाजीमामांचे राजे

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात नवा माणूस लागला की टाइम ऑफिसमधले हसाजीमामा त्याला दोन गोष्टी द्यायचे. एक हजेरीचा पितळी बिल्ला, आणि दुसरं बायबलच्या जुन्या करारातलं एखादं पात्र. बिल्ला संध्याकाळी परत करता यायचा. पात्र कायमचं मानेवर बसायचं.

फाटकावरचा गणपा सहा फूट उंच. त्याला पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "तू गल्याथ." गणपा खूश झाला. चार दिवसांनी कुणीतरी त्याला पुढची गोष्ट सांगितली, तेव्हा तो तणतणत टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला.

"मामा, त्यो तर मरतो न्हवं! त्ये बी एका पोरानं गोट्यानं हानलेला!"

"मरतो तर मरतो. सगळेच मरतात. पण तीन हजार वर्षं लोकांना त्याची उंची लक्षात आहे. तुझ्या आजोबांची उंची किती होती सांग."

गणपाला सांगता आली नाही. तो गल्याथ राहिला.

मामा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. गाव अलिबागकडचं. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. वडील जुन्या करारातल्या राजांवर मराठीत कीर्तनं करायचे, साकी-दिंडीसकट. मामांकडे पेटी आली नाही, गळा तर मुळीच आला नाही. राजे तेवढे आले. चिंचवड गावठाणात मिलकामामींबरोबर दोन खोल्यांत राहून, शनिवारची सुट्टी रविवारी भरून देऊन, हा माणूस बाकीचे दिवस आम्हाला शौल, दावीद आणि शमुवेल यांच्या ताब्यात ठेवायचा.

शमुवेल हा त्यांचा लाडका संदेष्टा. लोकांनी राजा मागितला तेव्हा ज्यानं "राजा घेऊ नका" म्हणून बजावलं, तो. मामांच्या मते त्यानं जगातल्या सगळ्याच गोष्टी बजावल्या होत्या. लोकल चुकली, चहा गार झाला, कुणाची सासू राहायला आली की मामा मान हलवून म्हणणार, "शमुवेलानं आधीच बजावलं होतं."

मॅनेजरसाहेब म्हणजे शौल. उंच, देखणे, आणि जेवणानंतर डोकं फिरणारे. शौल हा पहिला राजा, त्याच्यावर भ्रम स्वार झाला की पुढं स्वतःच राजा झालेला दावीद वीणा वाजवून त्याला शांत करायचा. त्यामुळे साहेबांच्या केबिनमधून आरडाओरडा ऐकू आला की मामा खिडकीतून म्हणायचे, "अरे, कुणीतरी पेटी काढा रे!" पण शौलाची निंदा त्यांना खपत नसे. "बिचारा बापाची हरवलेली गाढवं शोधायला निघाला होता. वाटेत धरून राजा केला. आपले साहेब तरी काय, नोकरी शोधायलाच आले होते."

मला त्यांनी शिमी केलं. शिमी म्हणजे दावीद रस्त्यानं चालला असता उतारावरून त्याच्यावर दगडमाती फेकत शिव्या देणारा इसम. मी तेव्हा बाविशीचा होतो. घरात पुस्तकं नव्हती, वडिलांच्या चळवळीची पत्रकं होती, त्यांवरच मी अक्षरं शिकलो. साहजिकच मी पत्रकं लिहायचो, आणि त्यांतला बराच ऐवज साहेबांच्या दिशेनं जायचा.

मामांमुळे मी एका ख्रिस्ती कंपाउंडरकडून मराठी जुना करार आणला आणि रात्रंदिवस वाचला. शमुवेलाचं बजावणं वाचून तर उडालोच. राजा तुमची पोरं आपल्या रथापुढं पळवील, पोरींना स्वयंपाकाला जुंपील, उत्तम शेतं काढून घेऊन आपल्या चाकरांना देईल! मी ते माझ्या शब्दांत उतरवून पत्रक छापलं आणि फाटकावर वाटलं.

मामांनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "अर्धंच छापलंस."

"उरलेलं काय आहे?"

"लोक म्हणाले, असू दे, आम्हाला राजा पाहिजेच. ते कुठं आहे? लोकांची चूक छापायला शाई कमी पडली काय रे, पत्रकवाले?"

"मामा, चूक लोकांची नाही. त्यांना भीती घातली होती."

"कुणी?"

"भीती घालणारे असतात."

"पुस्तकात नाहीत. तुझ्या खिशातून काढू नको."

असे आमचे वाद चालायचे. खरं म्हणजे वाद त्यांचाच. दुसऱ्यानं वाक्य सुरू केलं की मामा हात वर करून म्हणायचे, "पुढचं मला ठाऊक आहे," आणि त्याचं वाक्य आपणच संपवायचे. बहुतेकदा चुकीचं.

मग मी अबशालोमापर्यंत पोचलो. दावीदाचा मुलगा. रोज सकाळी वेशीशी उभा राहायचा, गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला थांबवून म्हणायचा, तुझं खरं आहे, पण राजाकडे तुझं ऐकणारा कुणी नाही. मी धावतच खिडकीशी गेलो. "मामा, हा तर पहिला कामगार पुढारी! फाटकावर सभा घेणारा! याचं तुम्ही कधी काहीच कसं सांगितलं नाही?"

मामांनी बिल्ल्यांची पेटी पुढं ओढली. "त्याचं नाव इथं काढायचं नाही."

"का? बापाविरुद्ध बंड केलं म्हणून?"

"कामाला लाग."

एवढं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

त्याच महिन्यात पॅकिंगमधल्या कच्च्या, म्हणजे कायम न केलेल्या बायकांना एका दिवसात घरी बसवलं. मी फाटकावर उभा राहून बोललो. चांगलं बोललो. पण उत्साहात मशीन सोडून भोंग्याआधीच बाहेर आलो होतो, आणि साहेबांना तेवढं पुरे होतं. चौकशी लागली. भोंग्याआधी बाहेर आल्याचं सिद्ध झालं तर नोकरी जाणार, आणि सिद्ध करणारा साक्षीदार एकच, टाइम ऑफिसच्या खिडकीत बसलेला.

मामा केबिनमध्ये आले ते काळी टोपी घालून. साहेबांनी विचारलं, "हा भोंग्याआधी बाहेर आला का?"

मामा म्हणाले, "साहेब, एका गावात दोन माणसं होती. एक श्रीमंत, एक गरीब. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप. गरिबाकडे एकच कोकरू, ताटात जेवणारं..."

मी ओळखलं. नाथान संदेष्ट्यानं हीच गोष्ट दावीदाला सांगितली होती. श्रीमंतानं पाहुण्यासाठी गरिबाचं ते एकुलतं कोकरू कापलं हे ऐकून दावीद संतापून म्हणाला, त्या श्रीमंताला जिवंत सोडू नका, तेव्हा नाथान म्हणाला, तो श्रीमंत तूच.

"कोकराचा भोंग्याशी काय संबंध?" साहेब ओरडले.

"ऐका तर. श्रीमंताकडे पाहुणा आला..."

"पाहुणा मरू दे! हो की नाही?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. राजानं गोष्टच ऐकली नाही तर काय करायचं, हे नाथानानं कुठं सांगून ठेवलं नव्हतं. खोटं बोलणं मामांना जमण्यासारखं नव्हतं.

"आला," ते म्हणाले. "भोंग्याआधी आला. मी पाहिलं." मग टोपी काढली, परत घातली. "पण साहेब, पोराला जरा जपून वागवा. माझ्यासाठी म्हणून."

"तुमच्यासाठी? तुमचा कोण तो?"

माझ्यासाठी पोराला जपून वागवा, हे शब्द मला ठाऊक होते. बंडखोर मुलावर फौज पाठवताना दावीदानं वेशीत उभं राहून सेनापतींना हेच सांगितलं होतं. सेनापतींनी ते ऐकलं नाही, अबशालोमाला ठार मारलं.

साहेबांनी ऐकलं. का, ते कळलं नाही. आठवडाभर घरी बसायची शिक्षा झाली, नोकरी वाचली.

माझं डोकं भडकलं. मी न्याय मागत होतो आणि या माणसानं माझ्या नावानं दया मागितली! शनिवारी दुपारी सरळ त्यांच्या घरी गेलो. मामा आत झोपले होते. मिलकामामींनी चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आत हळूच म्हणाल्या, "रागावू नको, बाळ. आमचा एली तुझ्याच वयाचा."

त्यांना मुलगा आहे हेच मला माहीत नव्हतं.

"इस्रायलला गेला बोटीनं. जायच्या आदल्या दिवशी बापाला काहीतरी सांगायला बसला होता. ह्यांनी हात वर केला. म्हणाले, पुढचं मला ठाऊक आहे. तो उठला तो उठलाच. बंदरावर हे आले नाहीत. तिकडून पत्र नाही, निरोप नाही. काय सांगायचं होतं पोराला, कुणास ठाऊक."

आतून खाकरल्याचा आवाज आला. मामा दारात उभे होते. किती ऐकलं होतं, कळलं नाही. पाटावर माझ्यासमोर बसले आणि उपरणं मांडीवर ठेवलं.

"भांडायला आलास ना?"

"हो."

"मग भांड. मी काय चुकलो ते पहिल्यापासून सांग."

मी सांगू लागलो. दया आणि न्याय यांतला फरक, पॅकिंगमधल्या बायका, सगळं. वाक्यांमध्ये मी सवयीनं थांबत होतो, त्यांच्या हाताची वाट बघत. हात मांडीवरच होते. चहावर साय धरली, मामी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन टेकल्या, आणि शेवटी माझ्याजवळचं सगळं बोलून संपलं.

मामा जरा पुढं सरकले.

"अजून काही राहिलं असेल तर सांग," ते म्हणाले. "मला घाई नाही."