चंद्र गिळण्याची कारणे, विहित नमुन्यात

जगात कुणीही फुकट वाईट वागत नाही. वाईटपणाला मेहनत लागते, वेळ जातो, शेजारपाजारी तोंडं फिरवतात ते वेगळंच. एवढं सोसायचं तर पदरात काहीतरी पडायला हवं. त्या न्यायाने पाहता, बाकुनावा नावाच्या समुद्री ड्रॅगनला चंद्र गिळून नेमका फायदा काय, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता हेच नवल. चंद्र आकाराने मोठा, पण खाद्य म्हणून अगदीच सामान्य. त्याला चव नाही, वास नाही, तो भाताबरोबर लागत नाही. शिवाय तो गिळला की किनाऱ्यावरची माणसं भांडी बडवू लागतात आणि शेवटी तो ओकावा लागतो. म्हणजे जमा शून्य, खर्च एक घसा.

ज्या जुन्या चित्रकथेवरून मालिका निघणार होती, तिच्यात बाकुनावा आभाळातल्या सातांपैकी सहा चंद्र खातो. का खातो, ते तिसऱ्या पानावर त्याने स्वतःच सांगितलं आहे : ‘भूक लागली.’ पन्नास वर्षं हे कारण वाचकांना पुरलं. तेव्हाचे वाचक फारसे शिकलेले नव्हते.

मालिका फिलिपीन्समधल्या केझोन सिटीतल्या ज्या वाहिनीकडे आली, तिथे मात्र ‘व्यक्तिरेखा-हेतू विभाग’ आहे. (माणसं तीन, वातानुकूलन यंत्रं चार.) विभागाच्या पाहणीनुसार, कारण नसलेला खलनायक पडद्यावर येताच शंभरातले एकसष्ट प्रेक्षक वाहिनी बदलतात, वीस जेवायला उठतात आणि बाकीचे झोपलेले असल्यामुळे समाधानी समजले जातात. म्हणून प्रत्येक खलनायकासाठी विहित नमुना भरावा लागतो. त्यातले रकाने असे : जखमेचा प्रकार, जखम झाली तेव्हाचं वय, जखम करणाऱ्याशी नातं, रडू कोणत्या भागात येईल, जाहिरातदाराची हरकत आहे अथवा नाही. तळाशी सही, आणि सहीच्या वर प्रतिज्ञा : ‘वरील मजकूर खरा वाटतो. (खरा असणे आवश्यक नाही.)’

हा नमुना भरण्याचं काम ओफेलिया काटिगबाककडे आलं. चित्रकथेतला ड्रॅगन म्हातारा होता. मालिकेत त्याचं एकोणीसशे वर्षांचं पिल्लू झालं, कारण जेर्विन नावाचा नट एकोणीस वर्षांचा होता. जेर्विनला दोन्ही गालांवर खळ्या होत्या आणि तो चार वस्तूंच्या जाहिराती करत असे. त्यांतली एक नूडल्सची होती आणि एक शाम्पूची, त्यामुळे ड्रॅगनला केस आले. विभागप्रमुख सर वेन्सी यांनी लेखी सूचना दिली होती : ‘पिल्लू खलनायकच हवं. पण वाईट नको.’

शुक्रवारपर्यंत नमुना मंजूर झाला नाही, तर रात्री आठची वेळ एका गाण्याच्या स्पर्धेला जाणार होती आणि ओफेलिया घरी. वाहिनीत लेखकांना कर्मचारी म्हणत नाहीत, कलावंत म्हणतात. कर्मचाऱ्यांना रजा मिळते, कलावंतांना तेरा आठवड्यांचा करार. आणि या खेपेला तिला करार हवाच होता. तिची नानाय, म्हणजे आई, चोवीस वर्षं हाँगकाँगमध्ये लोकांच्या घरी स्वयंपाक करत होती, पोरं सांभाळत होती. “आता मी कमावते, नानाय, डिसेंबरात कायमच्या घरी या,” असं ओफेलियाने स्वतः सांगितलं होतं. नानायने मालकिणीला तसं कळवूनही टाकलं होतं.

“भूक,” ओफेलियाने सोमवारी लिहिलं.

“नूडल्सवाले जीव घेतील,” मुख्य लेखिका आते बेबेंग म्हणाली. (वयाने मोठ्या बाईला इथे आते म्हणतात, पगाराने मोठ्या बाईलाही.) “त्यांचा पोरगा पडद्यावर उपाशी? दुसरं काढ, बये.”

मंगळवारी लोभ सुचवण्यात आला. लोभामुळे प्रेक्षकांतला एक प्रतिष्ठित वर्ग दुखावेल, असा शेरा पडला (वर्गात वाहिनीचे संचालक धरले होते). बापाच्या खुनाचा सूड त्याच वर्षी तीन मालिकांत चालू होता. एकीत तर खून झालेला बाप परत येऊन स्वतःचाच सूड घेत होता. किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधून माणसांनी समुद्र बुजवला, हे कारण बुधवारी सकाळी फार आवडलं, आणि दुपारी रिसॉर्टवाल्यांची जाहिरात आल्यामुळे फार नावडलं. नायिकेवर प्रेम बसलं म्हणावं, तर जेर्विनच्या चाहत्या नायिकेला रस्त्यात गाठतील अशी रास्त भीती होती. मित्रांनी पैज लावली, हे कारण कुणी सुचवलं ते इतिवृत्तात नाही. सुचवणाऱ्याने खोडलं असावं.

गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी गरम तुरोन आले. कागदात गुंडाळलेलं ते तळलेलं केळं हातात धरून ओफेलिया थकून म्हणाली, “त्याची आई गेलीय.”

“मेली?” वेन्सींनी पेन उघडलं.

“मेली नाही, सर. कामाला गेलीय. दुसऱ्या समुद्रात, दुसऱ्या ड्रॅगनची अंडी उबवायला. सात चंद्र झाले की येते, असं सांगून गेलीय. म्हणून हा चंद्र खातो. लवकर संपावेत म्हणून.”

तुरोन कुरकुरीत असतात. त्या क्षणी ते चावायचं कुणाला धाडस झालं नाही.

खोलीत अकरा माणसं होती. नऊ जणांची आई नाहीतर बाप परदेशी राहिलेला होता. दहाव्या बाईची आई घरीच होती, कारण ती नवव्या बाईला सांभाळत होती. अकरावा वातानुकूलन यंत्र दुरुस्त करायला आलेला मिस्त्री. त्याने शिडीवरून उतरून, घरी एक फोन करून येऊ का, असं विचारलं.

“माझी आई रोममध्ये होती,” वेन्सी म्हणाले. त्यांचा चष्मा धुकटला होता. “कुणाच्या तरी जुळ्यांपाशी. ती जुळी अजून तिला वाढदिवसाला फोन करतात. मी विसरतो.” मग त्यांनी नाक पुसलं आणि सही केली. मंजुरीला चार मिनिटं लागली. याआधीचा विक्रम एकोणीस दिवसांचा होता.

हे कारण आणलं कुठून, ते कुणी विचारलं नाही आणि ओफेलियानेही सांगितलं नाही. ती नऊ वर्षांची असताना नानाय दोन वर्षांसाठी म्हणून गेली, तेव्हा मावशीने भिंतीवर दोन कॅलेंडरं टांगली होती. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ओफेलियाने चोवीसच्या चोवीस पानं फाडली, आंघोळ केली, चर्चला जायचा फ्रॉक घातला आणि पायरीवर जाऊन बसली. मावशीने आधी पानं मोजली, मग चप्पल काढली. नमुन्यात ‘जखम झाली तेव्हाचं वय’ या रकान्यात तिने नऊ लिहिलं. विभागाने ते ड्रॅगनच्या मानाने नऊशे केलं.

एकच हरकत आली. परदेशातून घरी पैसे पाठवण्याची सोय करणारी एक कंपनी मालिकेची प्रायोजक होती. आई परदेशी गेल्यामुळे मूल बिघडतं, असं दिसलं तर आया जाणार नाहीत, आणि आया गेल्या नाहीत तर पाठवणार कोण? तोडगा निघाला : आई नियमित पेटी पाठवते. त्यामुळे चौथ्या भागात पिल्लू समुद्राच्या तळाशी बसून मोठा खोका फोडतं. आत साबण, डब्यातलं मांस, चॉकलेटं आणि एक माप लहान बूट निघतात. (दोन जोड. ड्रॅगनला पाय चार.)

सहाव्या भागाचं चित्रण बातांगासच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात होतं. भर दुपारी कॅमेऱ्याला निळी काच लावून रात्र करण्यात आली. गावचीच माणसं पातेली-पळ्या घेऊन उभी होती. हिरव्या कातड्यातला जेर्विन खडकावर चढला, त्याचे केस पंख्याने उडाले, आणि तो आभाळाकडे बघून म्हणाला, “एकच उरलाय, आई.”

ही खूण होती. सगळ्यांनी भांडी बडवायची होती. एकही वाजलं नाही.

“वाजवा!” भोंग्यातून दिग्दर्शक ओरडला.

“कुणावर वाजवा?” आलिंग पासिंग म्हणाली. (आलिंग म्हणजे काकू.) ही मासळी सुकवणारी म्हातारी. तिची मुलगी कुवेतला आणि नातू कडेवर.

“त्याच्यावर! चंद्र खातोय तो!”

“खाईना का! तुझ्या बापाचा आहे का चंद्र? पोराची आई परमुलखात, आणि आम्ही त्याच्या कानाशी पातेली बडवायची? शिकलेली माणसं ना रे तुम्ही?”

“आलिंग पासिंग, हे खोटं खोटं आहे,” ओफेलिया तिच्या कानाशी लागली.

“खोटंच आहे, तर येऊ दे की तिला घरी. तुझ्या खिशातलं काय जातं?”

मग तिने हातातल्या पातेल्यात भात घातला, वर दोन सुके मासे ठेवले आणि पातेलं खडकावर नेऊन ठेवलं. जेर्विनला तीन आठवडे भात बंद होता. पटकथेत तसं लिहिलेलं नसताना तो जेवला.

हा प्रसंग तसाच दाखवला गेला, आणि देशातून चंद्राची बाजू घेणारा माणूस दिसेनासा झाला. शाळांतून मुलं ‘एकच उरलाय’ असं फलकावर लिहू लागली. चंद्राच्या बाजूने फक्त नायिका उरली, आणि नायिकेची आई.

याने वाहिनीपुढे प्रशासकीय पेच उभा राहिला. आठच्या मालिकेत खलनायकाचं एक पद मंजूर असतं आणि ते रिकामं ठेवता येत नाही. पिल्लू आता त्या पदास अपात्र होतं. शनिवारी बैठक झाली आणि पात्रतेच्या अटी ठरल्या : उमेदवाराला चाहते नसावेत, जाहिराती नसाव्यात, शक्यतो संवादही नसावेत. या अटींत बसणारं पात्र एकच निघालं. ते आजवर दोनदा आणि पाठमोरंच दिसलं होतं.

“पिल्लाची आई,” वेन्सी म्हणाले. “सुखात आहे ती तिकडे. परकी पिल्लं तिला जास्त गोड लागतात. परत यायचंच नव्हतं तिला.”

“पण सर, पैसे पाठवणारी कंपनी?”

“विचारलंय. आई वाईट असायला त्यांची ना नाही. पाठवणं वेळेवर हवं.”

ओफेलियाने आते बेबेंगला जिन्यात गाठलं. “आते, तिला कारण तरी देऊ. का गेली, का राहिली. नमुना मी भरते, आज संध्याकाळी देते.”

“एका मालिकेला एकच नमुना मंजूर असतो गं. अर्ध्यात नेमलेल्या खलनायकाला कारण लागत नाही.” बेबेंगने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “शंभर भागांचा करार टेबलावर आहे. नानायला आणायचंय ना घरी? मग लिही.”

ओफेलियाने दोन दिवसांत लिहिलं. सगळ्यांच्या मते ते तिचं आजवरचं सर्वोत्तम लेखन होतं. आई परक्या पिल्लांना पंखाखाली घेऊन हसते, आणि आपलं पिल्लू दारात उभं आहे हे बघूनही तिला ते कोण ते आठवत नाही. चित्रणाच्या दिवशी कोळीवाड्याने भांडी अशी बडवली की सतरा पातेली चेपली. सगळ्यांत पुढे आलिंग पासिंग होती. “पोर टाकून जातेस काय गं!” हे वाक्य तिला कुणी लिहून दिलं नव्हतं. नातू कडेवरून झाकण वाजवत होता.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, हाँगकाँगहून फोन आला.

“नानाय, जेवलात?”

“जेवलो गं. तेरा जणी होतो आज बागेत. पुठ्ठे अंथरून बसलो आणि माझ्या एवढ्याशा फोनवर तुझा भाग पाहिला, डोकी आपटत एकमेकींवर. काय ती बया! काय ती शिंगं! आम्हीसुद्धा डबे बडवले. शेवटी पोलीस आला बघायला.”

“आवडला?”

“आवडला म्हणजे! तुझं नाव आलं तेव्हा मी फोन थांबवून सगळ्यांना दाखवलं.” मागे बायका हसत होत्या. “ऐक, मी आणखी दोन वर्षं वाढवून घेतली. आत्ताच मालकिणीला कळवलं.”

“का? डिसेंबरात येणार होतात ना! माझं काम पक्कं झालंय, नानाय. शंभर भाग.”

“झालं ना पक्कं? मग झालं तर. इथल्या धाकटीला माझ्याच हातचं लागतं. आणि तिथे येऊन तू माझ्याकडे बघायचं, मी तुझ्याकडे... मी तुला कशी दिसत होते, ते मला ठाऊक नव्हतं गं. बरं झालं लिहिलंस. ठेवते, तेराजणींना एकच चार्जर आहे.”

अखेरचा ताळा पुढीलप्रमाणे. पिल्लू : निर्दोष, आणि जाहिराती चारच्या सात. सर वेन्सी : बढती. कोळीवाडा : चेपलेली पातेली बदलून मिळाली. प्रायोजक कंपनी : त्या महिन्यात हाँगकाँगहून आलेल्या रकमा नेहमीपेक्षा जास्त. ओफेलिया : शंभर भाग. तिचा राग तुम्हांला आला नसणार, कारण तिचं कारण तुम्हांला वेळेवर पुरवण्यात आलं होतं. राहता राहिली ती या सगळ्याचं मोल भरणारी नानाय. तिचं स्वतःचं नाव श्रेयनामावलीत नाही आणि इथेही आलेलं नाही. पण इतका वेळ तुम्ही विचारलं नाहीत, तेव्हा तो रकाना रिकामा सोडायला हरकत नसावी.