अट एकाच नंबरची

दाताच्या दवाखान्यात सकाळपासून फोन वाजला नव्हता. काउंटर सांभाळणाऱ्या डॉक्टरांच्या बायकोने फोन बसवणाऱ्याला बोलावून घेतलं आणि बॅगही खाली ठेवू न देता फैलावर घेतलं.

"फोनवाले, काल संध्याकाळी तुम्ही त्या यंत्राला हात लावलात आणि आज एक पेशंट नाही! गावाचे दात काय एका रात्रीत बरे झाले?"

"बघतो वहिनी," म्हणत त्याने आपल्या मोबाइलवरून दवाखान्याचा नंबर फिरवला. पलीकडून डॉक्टरांचा मधाळ आवाज आला, "आई, पेशंटच्या तोंडात हात आहे. संध्याकाळी नक्की फोन करतो हं."

फोनवाला तडक आतल्या खोलीत गेला. डॉक्टर आधीच घामाघूम होते.

"ती अट फक्त सासूबाईंच्या नंबरसाठी होती ना?" ते कुजबुजले. "दिवसातून आठ वेळा एकाच दाढेचा सल्ला विचारतात म्हणून तर! हिला कळलं तर माझं काही खरं नाही."

लॅपटॉपवर अट साधी दिसत होती. नंबर सासूबाईंचा असला तर डॉक्टरांच्या आवाजातलं ते रेकॉर्डिंग, नसला तर काउंटरवर घंटी. त्याने ती चारदा वाचली.

"उलटं करून बघा की!" डॉक्टर म्हणाले.

उलटं केलं. असला तर घंटी, नसला तर रेकॉर्डिंग. बाहेर फोन खणखणू लागला. एक पेशंट, दुसरा, तिसरा.

"झालं!" फोनवाला म्हणाला.

"काय झालं? आता सासूबाईंचाही फोन लागेल!"

त्याने पुन्हा डोळे ताणले आणि कपाळावर हात मारला. अटीभोवतीचा चौकोनी कंसच घालायचा राहिला होता. कंस नसला की यंत्र नंबर ताडून बघतच नाही. काहीतरी लिहिलंय एवढं बघून 'हो' म्हणून मोकळं होतं. काल संध्याकाळपासून सगळं गाव डॉक्टरांची सासू झालं होतं. त्याने घाईघाईने कंस घातला. तपासायला मोबाइल काढतोय तोच बाहेर घंटी वाजली. दोघांनी सुस्कारा सोडला.

"बोल गं आई," बाहेरून वहिनींचा आवाज आला.

फोनवाल्याने पडद्याकडे पाहिलं. कंस घातला होता, पण उलटं केलेलं सुलटं करायचं राहिलं होतं. आता अख्ख्या गावात फोन लागणार होता तो एकट्या सासूबाईंचा.

बाहेर बराच वेळ "हं... हं... सकाळपासून सात वेळा?" चाललं होतं. मग वहिनींनी आपल्या मोबाइलवरून दवाखान्याचा नंबर लावला, रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं आणि त्या आत आल्या. डॉक्टर एक स्वच्छ आरसा पुन्हा धुऊ लागले.

"अट आत्ता काढून टाकतो वहिनी," फोनवाला चाचरला.

"काढता कशाला? चांगली आहे. फक्त नंबर बदला." त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली.

डॉक्टरांनी मान लांबवून नंबर वाचला. तो त्यांच्या स्वतःच्या आईचा होता.

"अगं, पण ते रेकॉर्डिंग..."

"ते राहू दे की," बाई शांतपणे म्हणाल्या. "सुरुवात 'आई' अशीच आहे ना?"