साडेअडतीसचा जावई

भिंगवाल्यांना सकाळपासून ताप होता आणि साहेबांना तो पटत नव्हता. "चेहरा तर ठणठणीत दिसतोय," असं म्हणून त्यांनी रजेचा विषय मिटवला. खरं म्हणजे भिंगवालेही रजेसाठी फार अडून बसले नाहीत. आज त्यांच्या भिंगाखाली सासऱ्यांच्या गाईची बीजं यायची होती.

प्रयोगशाळेत गाईंची स्त्रीबीजं पारखायचं काम त्यांच्याकडे होतं. चांगली निवडायची आणि पुढच्या गावच्या मोठ्या प्रयोगशाळेत धाडायची, तिथे त्यांचे भ्रूण तयार व्हायचे. भोवती पेशींचे दाट थर आणि आत एकसारखा रंग असेल तर बीज चांगलं, दुलई गुरफटून बसलेल्या मुलासारखं. उघडंवाघडं, डागाळलेलं असेल तर बाद. सासरे अप्पा निवृत्त मुख्याध्यापक. दिवसभर भिंगात डोळे घालून बसणं ही त्यांच्या मते एक सवय होती, नोकरी नव्हे.

अप्पांच्या घरी थोरली म्हणजे गाय आणि धाकटी म्हणजे भिंगवाल्यांची बायको. थोरली आता इतकी म्हातारी झाली होती की तिला वासरू होणं शक्य नव्हतं. निदान तिच्या बीजापासून दुसऱ्या एखाद्या गाईच्या पोटी तिचं वासरू यावं, यासाठी अप्पांनी जिवाचं रान केलं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी गोठ्यात बीजं काढली आणि बजावलं, "हीच शेवटची. या वयात तिला पुन्हा हा त्रास द्यायचा नाही."

ती बीजं घेऊन त्या आल्या, तेव्हा मागोमाग अप्पाही आले आणि दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले. भिंगाखाली सगळं तरंगत होतं. एक बीज म्हणता दोन दिसायची, दोन म्हणता एकही नाही. तरी भिंगवाल्यांनी पुन्हा पुन्हा पाहून चांगली एका बशीत घेतली, बाद दुसऱ्या बशीत टाकली आणि निवडलेली नळीत भरून बूच लावलं.

"झालं?" अप्पांनी काचेपलीकडून विचारलं. "एवढंसं बघायला एवढा वेळ?"

तेवढ्यात नळी न्यायच्या पेटीनं मान टाकली. बीजं गाईच्या अंगाइतक्या उबेत ठेवणारी ती पेटी बर्फासारखी गार पडली होती. पुढचं गाव तासाभराच्या अंतरावर, आणि बीजं गारठली की संपलंच सगळं.

"माणसाच्या काखेत धरून नेऊ या," साहेब म्हणाले.

"माणूस सदतीसचा, गाय साडेअडतीसची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस कमी पडतो."

कमी पडणाऱ्या माणसांकडे पाहता पाहता साहेबांची नजर भिंगवाल्यांवर थांबली. त्यांनी लगबगीनं थर्मामीटर आणून लावला. बरोबर साडेअडतीस!

"अहो, तुम्हाला ताप आहे!" साहेब बक्षीस जाहीर करावं तसे ओरडले.

"मी सकाळीच सांगत होतो..."

"सकाळी तो उपयोगाचा नव्हता."

भिंगवाल्यांच्या खिशातली तापाची गोळी डॉक्टरीणबाईंनी काढून घेतली, नळी काखेत ठेवून वरून पट्टी बांधली आणि जीप सुरू केली. अप्पा जावयाला खेटून मागे बसले. गाव मागे पडल्यावर डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की थर्मामीटर आनंदाच्या भरात साहेबांच्याच खिशात राहिला.

"हात लावून बघायचं, त्यात काय?" अप्पा म्हणाले आणि जावयाच्या कपाळाला हात लावून दचकले. "अहो, हे गार पडले की! जावईबापू, असं करू नका!"

त्यांनी सीटवरचं ब्लँकेट जावयाला गुंडाळलं आणि काचा वर केल्या. भिंगवाल्यांना जीव घुसमटल्यासारखं वाटलं. पण तापातल्या माणसाला काय वाटतं, हे कोण विचारतो? थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी जीप थांबवून हात लावला.

"भाजतंय कपाळ! काढा ते ब्लँकेट, बीजं शिजतील!"

ब्लँकेट निघालं. अप्पांनी पुन्हा हात लावला. "गार!" ब्लँकेट चढलं. डॉक्टरीणबाईंनी लावला. "गरम!" ब्लँकेट उतरलं. भिंगवाल्यांनी स्वतःच स्वतःच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ कुठलं आणि हात कुठला हेच कळेना. शेवटी अप्पांनी पेट्रोल पंपावरच्या माणसाला बोलावलं. त्यानं कपाळ चाचपलं आणि म्हणाला, "एरवी कसं असतं ते मला काय माहीत? मी यांना पहिल्यांदाच हात लावतोय."

आता अप्पांनी दुसरा उपाय काढला. रागानं माणूस तापतो, असं शाळेतल्या अनुभवावरून त्यांचं मत होतं. "जावईबापू, तुमच्यासारखा कामाचा कंटाळा असलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही!"

"हे तुम्ही लग्नातच म्हणाला होतात, अप्पा."

भिंगवाल्यांना राग आला नाही, कारण त्यांना एका वेगळ्याच शंकेनं ग्रासलं होतं. उजवीकडची बशी चांगली की डावीकडची? नळीत कुठली भरली? निवडलेली की बाद? जितका विचार करावा तितका गोंधळ वाढत होता. शेजारी अप्पा त्यांच्या काखेकडे बघत बसले होते. त्यांना हे सांगायचं कसं? भिंगवाले रडायच्या बेतात आले.

मोठ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आधी थर्मामीटर लावला. साडेअडतीस.

"खोटं दाखवतोय तुमचा थर्मामीटर!" अप्पा कडाडले. "मी वाटभर हात लावून बघतोय, माणूस गार आहे. मला लावा बघू! आयुष्यात एक दिवस आजारी पडलेलो नाही मी."

मॅडमनी लावला. पारा वर चढत चढत चाळिसाला टेकला.

"तुमचा हातच एवढा तापलाय," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला सगळं जग गार लागणार."

डॉक्टरीणबाईंनी मघाशी काढून घेतलेली गोळी मुकाट्यानं अप्पांच्या हातावर ठेवली. सासरे-जावयांना एकाच बाकावर आडवं केलं गेलं, एकाचं डोकं या टोकाला, दुसऱ्याचं त्या. आत मॅडम भिंगावर वाकल्या. भिंगवाल्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"सुरेख!" आतून आवाज आला. "सगळी दाट थरांची, एकही उघडं नाही. कुणी निवडलीत ही?"

भिंगवाल्यांनी डोळे उघडले. अप्पांनी घरी फोन लावला. सासूबाईंचा आवाज आला, "बोला, ऐकतेय मी."

"तुला नाही. गोठ्यात जा आणि फोन थोरलीच्या कानाला लाव."

"अहो, तापलात की काय तुम्ही?"

"लाव म्हणतो ना!"

पलीकडून थोडी खुडबुड ऐकू आली आणि मग एक लांब, संथ श्वास. अप्पांनी जावयाकडे पाठ वळवली आणि आवाज अगदी खाली आणला.

"पोचली बरं का सगळी. काळजी करू नकोस," ते फोनमध्ये म्हणाले. "फार पारखी नजरेचा माणूस आहे आपला जावई. त्याला सांगू नकोस मात्र."